दादाची गोणी आणि माळावरचा कवला

बदलापूर (पूर्व),
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

प्रिय मैत्रिणी,

तुझा प्रश्न आला आषाढात आणि उत्तर लिहायला बसलेय भाद्रपदात. रागावू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठ्याने टाइप करत बसले असते तर दिवाळी उजाडली असती, म्हणून सरळ कागद पुढे ओढला.

न्यूझीलंडच्या वायकाटोतल्या तुझ्या घरामागच्या कुरणाचे फोटो घरात सगळ्यांनी पाहिले. ते हिरवेपण वहिनीला खरंच वाटेना. "फोटोला रंग मारलाय," म्हणाली. खाली तू सहज विचारलं होतंस, आपल्याकडे माळावरच्या गवताला कुणी युरिया घालतं का गं? तू सहज विचारलंस खरं, पण इथे नेमक्या त्याच आठवड्यात दादाच्या पडवीत युरियाच्या गोण्या येऊन पडल्या होत्या, आणि त्या कुणाला घालायच्या यावरून ताटावर रोज खडाजंगी चालली होती.

झालं होतं असं. मृगाच्या आधी एक गवताचा व्यापारी येऊन गेला. कल्याण-उल्हासनगरकडच्या तबेल्यांना सुकं गवत पुरवणारा माणूस. कोंडेश्वरच्या वाटेवरची आपली वरकस जमीन तुला आठवत असेल. खाली भातखाचरं, विहिरीशेजारी नेपियर गवताचा तुकडा आणि वर उताराचा माळ. त्या माळाकडे बोट करून तो म्हणाला, "शेठ, एकरी एक गोणी मारा, दिवाळीनंतर भारे मोजून दमाल." दादाला शेठ म्हटलं की तो निम्मा पटलेला असतोच. उरलेला निम्मा गोणीच्या किमतीने पटला. 45 किलोची गोणी, अनुदानामुळे 266 रुपये 50 पैशांना. चार भारे जास्त निघाले तरी वसूल, असा त्याचा हिशेब.

व्यापारी काही थापा मारत नव्हता. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे एका गोणीत साधारण 20 किलो 700 ग्रॅम. एकरी एक गोणी म्हणजे हेक्टरी 51 किलोच्या आसपास. नैसर्गिक कुरणांसाठी आपल्याकडे चारातज्ज्ञ सांगतात तेही हेक्टरी 40 ते 60 किलोच. म्हणजे त्याचं माप बरोबर होतं. नत्र मिळालं की गवताला फुटवे जास्त येतात, पान रुंद होतं, रंग गडद होतो आणि वजन वाढतं. शिवाय प्रथिनंही वाढतात, कारण नत्राशिवाय प्रथिन बनत नाही. प्रयोगशाळेत चाऱ्यातली प्रथिनं थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. कॉलेजात हे आपण दोघींनी घोकलं होतं, तू बहुधा विसरली असशील.

तुमच्याकडच्या 190 किलोच्या मर्यादेबद्दल तू लिहिलंस, तेही मी दादाला सांगितलं. जुलै 2021 पासून न्यूझीलंडमध्ये कुरणाला वर्षाकाठी हेक्टरी 190 किलोच्या वर कृत्रिम नत्र घालता येत नाही आणि दुधाच्या शेतकऱ्याला किती घातलं याचा हिशेब प्रादेशिक परिषदेला द्यावा लागतो. दादाने लगेच गोण्यांत गणित केलं. एकरी जवळजवळ पावणेचार गोण्या! "ही मर्यादा आहे की उद्दिष्ट?" असं विचारून तो पोट धरून हसला. मग थोडा गप्प झाला आणि म्हणाला, "त्यांना पावणेचार चालतात, तर माझ्या एकीने काय बिघडतंय?"

आता ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी पाऊस बघायला हवा. तुमच्याकडे वर्षभर थोडा थोडा पडतो. आमच्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर जून ते सप्टेंबरात कोसळतो, आणि त्यातलाही निम्माशिम्मा काही मोजक्या दिवसांत. 27 जुलै 2019 ची आठवण आहे ना? उल्हास नदी रुळांवर आली आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. अशा पावसात उताराच्या माळावर टाकलेला युरिया किती टिकणार? युरियाचा दाणा पाण्यात विरघळला की मातीला तो धरून ठेवता येत नाही. मातीतल्या जंतूंनी त्याचा अमोनियम केला म्हणजे मग तो चिकटतो, आणि त्याला दोन-चार दिवस लागतात. त्याआधी धो धो पडला तर दाणा ओहोळात. उलट दाणा टाकला आणि उघडीप पडली, तर अमोनिया वर हवेत. 2015 पासून सगळा युरिया कडुनिंबाचं तेल लावून येतो, तो जरा सावकाश मुरतो. पण आमच्या श्रावणापुढे कडुनिंबाचंही फार चालत नाही.

भाताला ह्यावर एक तोड निघालेली आहे. डॉ. ना. के. सावंत यांची चारसूत्री भातशेती. त्यांनी युरियाच्या गोळ्या करायला लावल्या. चार चुडांच्या मधोमध एक गोळी, 2.7 ग्रॅमची, हाताने चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबायची. ना वाहून जात, ना उडून जात. वहिनी दरवर्षी हे करते, कमरेचा काटा ढिला होतो म्हणून कुरकुरते आणि तरी करते, कारण फोकून टाकलेल्या युरियापेक्षा कमी लागतो हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. पण माळावर गोळ्या कोण पुरणार? तिथे फोकणंच आलं.

एवढ्यावर दादा ऐकला असता तर तो दादा कसला. मग मी त्याला माळावर नेलं. पाऊस थांबला होता, म्हशी नुकत्याच चरून खाली गेल्या होत्या. पंधरा दिवसांपूर्वीची एक शेणाची पो वाळून तडकली होती आणि तिच्याभोवती वीतभर रुंदीचं काळपट हिरवं कडं होतं. कड्यातलं गवत गुडघ्याला टेकेल एवढं, बाजूचं सगळं म्हशींनी हजामत केल्यासारखं चरून टाकलेलं. जनावर शेणाजवळचं गवत तोंडात घेत नाही, म्हणून ते तसंच उभं. थोड्या अंतरावर तसाच आणखी एक गडद पट्टा होता, तिथे शेण नव्हतं. तिथे म्हैस मुतली होती. गोमूत्रात, म्हशीच्या मुतात, नत्र बहुतेक युरियाच्याच रूपात असतं, आणि ज्या हातभर जागेवर ते पडतं तिथे हेक्टरी हिशेबाने पाचशे किलो किंवा त्याहूनही जास्त नत्र एकदम ओतल्यासारखं होतं. म्हणजे दादाला जो प्रयोग करायचा होता तो म्हशींनी फुकटात करून ठेवला होता, तोही न्यूझीलंडच्या मापाने.

मी म्हटलं, आता बस खाली आणि दोन्हीकडे काय काय उगवलंय ते मोज. गडद पट्ट्यात उंच भरड गवताच्या एक-दोन जाती, बाकी काही नाही. पट्ट्याबाहेर त्याच मापाच्या जागेत गवत बुटकं होतं, पण त्याच्या बुडाशी कवला होता, आणखी दोन-तीन शेंगावर्गीय वेली होत्या, पांढऱ्या ठिपक्याएवढ्या फुलांचं काहीतरी होतं ज्याचं नाव मला आजही येत नाही. कवला तुला आठवतोय ना? जुलै-ऑगस्टात बदलापूर स्टेशनबाहेर ठाकूर-कातकरी बायका पाट्या मांडून बसतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, आणि त्यात ती चिंचेसारख्या बारीक पानांची जुडी. स्मिथिया म्हणून आपण हर्बेरियमच्या कागदावर चिकटवायचो तोच. तो शेंगावर्गातला. मुळांच्या गाठींत जंतू पाळतो आणि हवेतलं नत्र स्वतःच पकडतो.

मुद्दा इथेच आहे. मातीत बाहेरून भरपूर नत्र आलं की कवल्यासारख्या झाडाला गाठी पोसायची गरज उरत नाही. त्याचा जो एकमेव हुकमाचा पत्ता होता तो निकामी होतो. तिकडे भरड गवताला खाऊ मिळाल्याबरोबर ते भराभर वर चढतं आणि कवल्याच्या वाट्याचं ऊन अडवतं. एक-दोन पावसाळ्यांत तो गेलाच म्हणून समज. भारे वाढतात, पण भाऱ्यातला सगळ्यात पौष्टिक भाग कमी होतो. तुझ्याकडे पांढऱ्या क्लोव्हरचं हेच होतं. तुझ्या शेजारच्या शेतकऱ्याच्या आजोबांनी रायगवतात क्लोव्हर मिसळून पेरला तो नत्रासाठीच असणार, आणि आता युरियाने तोच दडपला जातोय.

हे काही माझं संशोधन नाही. इंग्लंडात रॉथॅमस्टेडला 1856 साली लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी एका जुन्या कुरणाचे पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्याला वेगवेगळं खत घालायला सुरुवात केली. तो प्रयोग आजही चालू आहे. काहीच न घातलेल्या पट्ट्यांत चाळीसच्या आसपास जातींची झाडं-गवतं नांदतायत. वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट घातलेल्या, चुना न दिलेल्या पट्ट्यांत माती आंबट होत गेली आणि दोन-तीन जाती उरल्या. युरिया अमोनियम सल्फेटइतकी माती आंबट करत नाही, हे खरं. पण दिशा तीच. आणि त्याच प्रयोगात ज्या पट्ट्यांना नत्र न देता स्फुरद आणि पालाश दिलं, तिथे शेंगावर्गीय झाडं फोफावली.

आता यातली गंमत ऐक. हा लॉज मुळात सुपर फॉस्फेटचा कारखानदार. 1842 साली त्याने पेटंट घेतलं आणि खताच्या पैशावर हे प्रयोग केले. सुपर फॉस्फेट म्हणजे खनिज फॉस्फेटवर गंधकाम्ल ओतून केलेलं खत, स्फुरदाचं. आणि आपल्या देशात ते बनवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कारखान्यांपैकी एक कुठे होता? अंबरनाथला! 1919 साली स्थापन झालेली धरमसी मोरारजी केमिकल कंपनी. लोकलमधून जाताना त्या कारखान्यांच्या वासाने आपण नाकाला रुमाल लावायचो, तेव्हा आपल्या डोंगरातल्या कवल्याचं खरं खत तिथे बनतं हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. ट्रॉम्बेच्या आणि थळच्या कारखान्यांतला युरिया गवताच्या बाजूचा, अंबरनाथचं सुपर फॉस्फेट कवल्याच्या बाजूचं, असं मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तू दोन्हीकडून पैसे घेतेस काय?"

गुरचरणीचा तर विषयच वेगळा. स्वतःच्या माळाला निदान बांध असतो. गावाच्या गुरचरणीत कुणी खत टाकलं तर ते खाणार टाकळा. चरून-तुडवून उघड्या पडलेल्या जमिनीवर टाकळा आधीच टपून बसलेला असतो. जनावर त्याला तोंड लावत नाही, माणसं कोवळा असताना भाजीपुरता खुडतात, बाकीचा कंबरेएवढा वाढून शेंगा उडवतो. आधी चराई आवरा, गवताला बी धरू द्या, खताचं नाव नंतर काढा, असं गवताचे जाणकार सांगतात ते म्हणूनच. अर्थात आता गुरचरण उरलीय कुठे? कात्रप-बेलवलीच्या बाजूला आपण ज्या मोकळ्या जागेतून चालत जायचो, तिथे सतरा-सतरा मजल्यांचे मनोरे आहेत. ज्या जागा अजून बांधल्या नाहीत त्यांना पत्र्याचं कुंपण घालून 'एनए प्लॉट' अशी पाटी लावलीय. आतलं गवत कुणी कापत नाही, मार्चमध्ये ते पेटतं. बदलापूर-अंबरनाथच्या मागच्या डोंगरांनाही उन्हाळ्यात वणवे लागतात. जाळलं की नवं गवत चांगलं येतं, अशी समजूत आहे. कोवळे कोंब दिसतात हे खरं, पण गवतातलं बहुतेक नत्र धुराबरोबर गेलेलं असतं. राखेत पालाश उरतं, चुना उरतो, नत्र उरत नाही. मग त्याच नत्रासाठी गोणी आणायची!

बरं, समज दादाने युरिया टाकलाच आणि गवत वाढलंही. ते कापणार कधी? आमच्याकडे गवताची कापणी भाताच्या कापणीनंतर, दिवाळीच्या पुढे-मागे. आधी माणसं मोकळी नसतात आणि आधी कापलं तर परतीच्या पावसात भिजून कुजतं. शिवाय व्यापारी वजनावर घेतो, आणि बी धरलेलं वाळकं गवत वजनाला चांगलं भरतं. पण तोवर गवतातला सगळा जीव बियांत आणि मुळांत गेलेला असतो. ऑगस्टातल्या कोवळ्या गवतात प्रथिनं आठ-दहा टक्क्यांपर्यंत असतात, नोव्हेंबरातल्या काडीत तीन टक्क्यांच्या आसपास. जनावराच्या पहिल्या पोटातले जंतू नीट काम करायला चाऱ्यात निदान सात टक्के प्रथिनं लागतात. त्याखाली गेलं की म्हैस पोटभर खाते आणि तरी आटते. मग तबेलेवाला सरकी पेंड ओततो. म्हणजे जुलैत युरियाने चढवलेली प्रथिनं नोव्हेंबरात उतरलेली असतात आणि शिल्लक राहते ती काडी. काडीला भाव आहे म्हणून व्यापाऱ्याचा सल्ला व्यापाऱ्यापुरता बरोबर होता. दादाच्या स्वतःच्या म्हशींना त्यातून काही मिळणार नव्हतं.

हे मात्र त्याला लागलं. दादा पैशाला ऐकत नाही, म्हशींना ऐकतो.

मग गोण्यांचं काय केलं? एक भागली भाताला आणि नेपियरला. नेपियर हा खरा नत्रखाऊ गडी. विहिरीचं पाणी आहे, सपाट जमीन आहे, दीड-दोन महिन्यांनी कापायचं आणि कापल्याबरोबर थोडा युरिया देऊन पाणी सोडायचं. तिथे कवलाही नाही आणि हरवायला दुसरं काही नाही. फक्त हात सैल सोडायचा नाही. जास्त युरिया दिला आणि वर आठ-आठ दिवस आभाळ राहिलं, तर नेपियरच्या, मक्याच्या, कडवळाच्या बुडख्यात नायट्रेट साचतं. जनावराच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, रक्तात प्राणवायू धरायची ताकद राहत नाही, रक्त चॉकलेटी पडतं. म्हैस धापा टाकायला लागली, हिरड्या तपकिरी दिसल्या, की तडक डॉक्टर. मेथिलीन ब्ल्यूचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर वाचते. वहिनीने हे ऐकल्यापासून ती नेपियर बुडाशी न कापता हातभर वर कापते, आणि उपाशी म्हशीला एकदम हिरव्यावर सोडत नाही, आधी पेंढा टाकते.

पेंढ्याचीही एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यात आवडते. दिवाळीनंतर ढिगाने पडणारा भाताचा पेंढा म्हणजे जनावराचं निव्वळ पोट भरणं. त्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. पण 100 किलो पेंढ्यावर 4 किलो युरिया 50-60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, पायाने दाबायचं, प्लास्टिकने हवाबंद झाकून 21 दिवस ठेवायचं. आत अमोनिया तयार होतो, काडी मऊ पडते, प्रथिनं सात टक्क्यांच्या वर जातात. उघडल्यावर वास उडेपर्यंत पसरून ठेवायचा आणि आधी थोडा थोडा द्यायचा. कोरडा युरिया कधीही जनावराच्या तोंडात जाता कामा नये, आणि सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हा पेंढा द्यायचा नाही, एवढं पाळलं की झालं. माळावर फोकला असता तर ओहोळात गेला असता असा युरिया इथे थेट म्हशीच्या पोटात जातो. दादा ह्या वर्षी उरलेली गोणी त्यासाठी ठेवणार आहे.

आणि ओहोळात गेलेलं नत्र पुढे कुठे जातं, ते तू इथे असतीस तर तुला दाखवलं असतं. उल्हास नदीवर पाऊस ओसरला की जलपर्णी धरायला लागते. हिवाळ्यानंतर रायते-म्हारळ-मोहने भागात कित्येकदा पाणी दिसत नाही. पात्रावर हिरवं मैदान, मधूनमधून जांभळी फुलं. लांबून तुझ्या वायकाटोसारखंच दिसतं, फोटो काढायला माणसं थांबतात. तो सगळा नत्राचा आणि स्फुरदाचाच माज आहे. दोष दादासारख्यांच्या गोण्यांवर टाकणं सोपं आहे, पण कर्जत-नेरळपासून बदलापूरपर्यंतच्या वस्त्यांचं सांडपाणी नदीत येतं, तबेल्यांचं शेण नाल्यात धुतलं जातं. एक म्हैस दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते. तबेल्यात शंभर म्हशी धर आणि गुणाकार तू कर. पूर्वी हे शेण बैलगाडीने शेतात जायचं. आता शेतही नाही आणि बैलगाडीही नाही, तेव्हा नाला जवळचा. काकोळ्याच्या डोंगरातून येणारी, अंबरनाथच्या शिवमंदिराच्या पायाशी वळणारी आपली वालधुनी तर उल्हासनगरात शिरेपर्यंत नदी राहतच नाही. वनशक्ती संस्थेने ह्या दोन्ही नद्यांसाठी हरित लवादापर्यंत धाव घेतली.

आमच्या शेजारचे एक काका परवा म्हणाले, मग नाल्याचंच पाणी गवताला द्या की, मुंबईच्या आरे कॉलनीत तबेल्याच्या पाण्यावर पॅरा गवत वाढवतातच ना! तबेल्याचं नुसतं पाणी असेल तर मीही हो म्हणेन. पण वालधुनीच्या पाण्यात शेणाबरोबर कारखान्यांचंही सगळं आहे. त्या पाण्यावरचं गवत कितीही हिरवं दिसलं तरी मी त्याच्या दुधाचा चहा घेणार नाही. जलपर्णीचंही तसंच. गुरांना घाला म्हणून अधूनमधून कुणीतरी सुचवतं. तिच्यात बहुतेक पाणीच असतं आणि पाण्यातले जड धातू ती शोषून ठेवते. कंपोस्टाआधीही ती तपासून घ्यावी लागेल.

मला ह्या सगळ्याचं वाईट वाटण्यापेक्षा राग जास्त येतो. आमच्या ह्या भागात नत्राचा तुटवडा अजिबात नाही. तबेल्यात आहे, गटारात आहे, नदीत आहे. फक्त ते माळापर्यंत परत जात नाही. आणि ती खोट भरून काढायला सरकार अनुदान देऊन गोणी विकतं.

माळाचं दादाने काय ठरवलं ते सांगते, म्हणजे हे पत्र एकदाचं संपेल. युरिया नाही. खालच्या बाजूचा माळ परतीच्या पावसात उघडीप मिळाली की फुलोऱ्यातच कापायचा, घरच्या म्हशींसाठी, हिरवाच. वरचा नेहमीप्रमाणे दिवाळीनंतर, व्यापाऱ्यासाठी, काडी तर काडी. पुढच्या जूनमध्ये वरच्या एका पट्ट्यात सुपर फॉस्फेट टाकून बघणार आहे, माझ्या अंबरनाथच्या व्याख्यानाला मान देऊन. आणि गोठ्यातलं मूत नालीत सोडायचं बंद करून खड्ड्यात, पाचोळ्यावर मुरवायचं. हे शेवटचं वहिनीने ठरवलं, दादाने फक्त खड्डा खणला. व्यापारी पोळ्याच्या सुमारास येऊन माळ बघून गेला. "गवत थोडं उतरलंय," म्हणाला. भाव मात्र गेल्या वर्षीचाच दिला.

आता तुझं काम. तुझ्या शेजाऱ्याकडे जाऊन तीन गोष्टी विचारून कळव. त्याच्या कुरणात क्लोव्हर किती उरलाय, 190 ची मर्यादा आल्यापासून तो वाढला का, आणि परिषदेला हिशेब देताना गाईंचं मूत धरतात की फक्त पोत्यातलं नत्र. माझ्या वाचनाप्रमाणे ती मर्यादा फक्त कृत्रिम नत्राची आहे, आणि तुमच्या नद्यांत झिरपणारं नायट्रेट मोठ्या प्रमाणात गाईंच्या मुताच्या ठिपक्यांतून येतं. त्याचं ते काय करतात हे दादाला ऐकायचंय. फोटो नकोत, आकडे पाठव. आणि दिवाळीच्या आत पाठव, पेंढा झाकायच्या आधी.

सर्वांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
बदलापूरकरीण